थोर वादक कोणाला म्हणावे?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या असताना आमच्या वर्गात एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. आमचा एक वर्गमित्र गिटार वाजवतो. तालीम संपल्यावर तो सहज म्हणाला, की जगात गिटारवादक एकच झाला, जिमी हेंड्रिक्स. बाकीचे सारे त्याच्या पाठीमागचे. दुसऱ्याने लगेच दुसरे नाव पुढे केले, तिसरीने तिसरे. मोबाइलवर वादन ऐकवले गेले, आवाज चढले आणि इतिहासाचा एक तास बुडाला.

मला गिटारमधले काही कळत नाही. घुग्घुसला आमच्या वस्तीत पेटी, तबला, टाळ आणि खंजिरी यांपलीकडची वाद्ये मी पाहिली नव्हती. त्यामुळे मी गप्प बसून ऐकत होतो. ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. हे तिघे भांडत होते खरे, पण एकाच गोष्टीबद्दल भांडत नव्हते. एक बोटांच्या वेगाबद्दल बोलत होता, दुसरा गिटारमधून निघणाऱ्या आवाजाबद्दल आणि तिसरी म्हणत होती की कोणामुळे पुढचे सगळे बदलले ते पाहा. ‘श्रेष्ठ’ हा शब्द तिघांचा एकच, अर्थ मात्र तीन.

पुढे महिन्याभरात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘कलावंताचे श्रेष्ठत्व त्याच्या तयारीवर ठरते.’ मी अनुकूल बाजू घेतली. उदाहरण मात्र तबल्याचे घेतले, कारण माझे वडील वस्तीतल्या भजनी मंडळात तबला वाजवतात आणि चार बोल मी त्यांच्याकडूनच शिकलो आहे. घरी भाषण पाठ करताना मी मोठ्याने म्हणत होतो, “जो केवळ ठेका धरतो तो तबल्यावरचा कारकून होय!” वडील खाणीतून रातपाळी करून आले होते. भिंतीला टेकून चहा घेत ऐकत होते. मंडळात ते ठेकाच धरतात, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही. ते रागावले नाहीत. कप खाली ठेवून एवढेच म्हणाले, “समदं ठीक हाये बापू, पन मंग गानाऱ्याचं का?”

स्पर्धेत मला दुसरा क्रमांक मिळाला. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते. मग ग्रंथालयातून पुस्तके काढली, जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली, सरांना वेळी अवेळी त्रास दिला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा चूकभूल झाल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावी.

क्रमवारी काय सांगते?

प्रथम गिटारचेच पाहू. अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’ नावाचे संगीताचे मासिक आहे. त्याने २००३ साली जगातील शंभर थोर गिटारवादकांची यादी छापली. ती एका समीक्षकाने केलेली होती. २०११ साली त्याच मासिकाने पुन्हा यादी केली, पण या वेळी वादक आणि जाणकार यांची मते घेऊन. हेंड्रिक्स दोन्ही वेळा पहिला. मात्र पहिल्या यादीत बारावा असलेला कर्ट कोबेन दुसऱ्या यादीत त्र्याहत्तराव्या जागी गेला, आणि सत्तरावा असलेला एडी व्हॅन हेलन आठव्या जागी आला.

आता कोबेन तर १९९४ मध्येच वारला होता. मधल्या आठ वर्षांत तो वाईट वाजवू लागला असे म्हणण्याची सोय नाही. बदलले ते परीक्षक. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली तर गुण बदलतात, हे आपणा विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. म्हणून यादी वाचताना वादकाचे नाव पाहण्याआधी कसोटी कोणती लावली ते विचारावे. कसोटी न सांगता लावलेला क्रम हा केवळ आवडीचा क्रम असतो. आवड असण्यात गैर काही नाही, पण तिच्यावरून वाद घालता येत नाही.

तरीही सर्व काही आवडीवर सोडून द्यावे असे मला वाटत नाही. परीक्षक बदलले तरी हेंड्रिक्स जागचा हलला नाही, याचा अर्थ निरनिराळ्या कसोट्यांना पुरून उरणारे काही तरी असते. ते काय, हाच खरा प्रश्न आहे.

गिटारवरून तबल्याकडे

आपल्याकडेही गिटार आली आणि रागसंगीतात बसली. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेऊन तारेवरून सळई सरकवीत राग वाजवले. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात बदल करून मोहनवीणा केली आणि अमेरिकन वादक राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणाबद्दल त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काब्रा यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे १९६७ चे ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात रागांतून उभा केला आहे. संतूर शिवकुमार शर्मा यांचे, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची, गिटार काब्रा यांची.

आणि तबला? तबला माणिकराव पोपटकर यांचा. ही नोंद वाचेपर्यंत मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. त्यानंतर मी वर्गात सात-आठ जणांना विचारले. कोणालाही ठाऊक नव्हते. तीन नावे जगभर झाली आणि त्या तिघांना लयीत धरून ठेवणारे मराठी नाव मागे राहिले. मला वाटले, थोर कोण याचा विचार करायचा असेल तर तबल्यासारखे वाद्य नाही. कारण ते एकट्यानेही वाजते आणि दुसऱ्यासाठीही वाजते. एका वाद्याच्या वादकाला दोन निरनिराळी कामे असतात, आणि दोन्ही कामांना एकच कसोटी लागू पडत नाही.

मी एकंदर पाच कसोट्या धरल्या आहेत : तयारी, नाद, साथ, विद्या आणि वाट.

तयारी

तयारी म्हणजे हात. वर्षानुवर्षांच्या रियाजाने बोटांत येणारा वेग, ताकद आणि स्पष्टता. माझे स्पर्धेतले सारे भाषण यावरच होते आणि त्यातले काही मी अजूनही मागे घेत नाही. हात तयार नसेल तर डोक्यात असलेले बाहेर येणार कसे? बनारसचे पंडित सामताप्रसाद, म्हणजे गुदई महाराज, यांचा डग्गा ऐकावा. ‘शोले’ या १९७५ च्या चित्रपटात बसंतीचा टांगा धावतो आणि डाकू मागे लागतात, त्या प्रसंगी वाजतो तो त्यांचा तबला. ज्याने आयुष्यात शास्त्रीय मैफल ऐकली नाही, त्याच्याही अंगावर तो काटा आणतो. हा हाताचा विजय आहे.

पण वेग ही मोजता येणारी गोष्ट असल्यामुळे तिचा मोह पडतो. धावण्याच्या शर्यतीत पहिला कोण हे घड्याळ सांगते, तसे कलेतही सांगावे असे आपल्याला वाटते. येथे मला गिटारचेच एक उदाहरण सापडले. जँगो राइनहार्ट हा फ्रान्समधला जिप्सी वादक. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. तारा दाबायचा हा हात. त्याने उरलेल्या दोन बोटांवर वाजवण्याची नवी रीत बसवली, आणि आज युरोपातल्या जॅझ संगीताचा इतिहास त्याच्यावाचून लिहिता येत नाही.

हे वाचले तेव्हा मी वडिलांच्या उजव्या हाताकडे पाहिले. तरुणपणी एका कामावर त्यांच्या अनामिकेचे पेर गेले. तबल्यावर अनामिका शाईच्या कडेला टेकवून ठेवायची असते, तिच्या आधारानेच ‘ना’ उमटतो. वडिलांचा हात थोडा तिरका बसतो, हे मी लहानपणापासून पाहतो. तो का बसतो हे कधी विचारले नव्हते. वडिलांची तुलना मी जँगोशी करीत नाही. सांगायचे एवढेच, की किती बोटे किती वेगाने चालतात हे मोजून वादकाविषयी पुरते कळत नाही.

नाद

दुसरी कसोटी नादाची. जाणकार त्याला ‘निकास’ म्हणतात. एकच ‘धा’ दोघांनी वाजवला तरी दोन निराळे आवाज येतात. चाट, लव आणि शाई या तीन जागांवर बोट कोठे पडते, किती वेळ टेकते आणि केव्हा उठते, यावर तो ठरतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड तर गळ्यासारखी बोलते.

येथे पहिले नाव उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे घेतले जाते. ते मूळचे मुरादाबादचे. मुंबईत उस्ताद मुनीरखाँ यांच्याकडे शिकले. बोटे तबल्यावर थिरकतात म्हणून ‘थिरकवा’ हे नाव पडले आणि तेच कायम झाले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७६ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या उतारवयातली ध्वनिमुद्रणे आज सहज ऐकायला मिळतात. मी प्रथम ऐकले तेव्हा, खरे सांगायचे तर, निराश झालो. एवढे नाव आणि वेग तर काहीच नाही! तिसऱ्या वेळी ऐकताना ध्यानात आले की प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू येते आहे, आणि पेशकारात दोन अक्षरांमधली रिकामी जागासुद्धा वाजते आहे. वेग पहिल्या ऐकण्यात कळतो. नाद कळायला कानाला शिकावे लागते.

साथ

आता माझ्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. गाणाऱ्याचे काय?

मराठी माणसाला थिरकवा परके नाहीत, कारण ते काही वर्षे गंधर्व नाटक मंडळीत होते. बालगंधर्व गात असत, कादरबक्ष सारंगी धरीत आणि थिरकवा तबला वाजवीत. एवढा मोठा सोलो वाजवणारा कलावंत, पण नाटकात त्याचे काम पदाला उठाव देण्याचे. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत तो बालगंधर्वांना. मला हे कोडे वाटले होते. आता असे वाटते की थिरकवांच्या तबल्यातला गोडवा आणि संयम यांत त्या वर्षांचाही वाटा असला पाहिजे. सोलोत जो चार बोलांनी सारे सांगतो, त्याला गाण्याच्या मागे दोनच बोलांत सांगण्याची सवय असावी लागते.

कुमार गंधर्वांच्या मागे वसंतराव आचरेकर यांचा तबला ऐकला म्हणजे हेच दिसते. कुमारजी मध्येच थांबतात, सूर सोडून देतात, अनपेक्षित ठिकाणी पुन्हा पकडतात. तेथे ठेका जरा हलला तर सारे कोसळेल. तो हलत नाही. तो पुढेही येत नाही. विलंबित ख्यालात एकतालाचे एक आवर्तन कधी कधी मिनिटाच्या आसपास चालते. त्या बारा मात्रा घड्याळासारख्या नव्हे, तर गाणाऱ्याच्या श्वासासारख्या धरून ठेवणे हे काम किती अवघड आहे, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी करून पाहिले आणि फसलो, तेही सांगतो. गेल्या कार्तिकात काकड्याला वडिलांची रातपाळी होती म्हणून मंडळाने मला बसवले. आमच्या मंडळात एक आजोबा आहेत. त्यांचे दात गेले आहेत, पण शब्द सारे पाठ आहेत. ते संथ चालीत अभंग म्हणत होते. मला नुकतीच एक तिहाई बसली होती. तिचा हिशोब सोपा आहे. ‘तिट कता गदि गन धा’ हा पाच मात्रांचा बोल, मग एक मात्रा विश्रांती, पुन्हा बोल, पुन्हा विश्रांती, पुन्हा बोल. पाच, एक, पाच, एक, पाच, अशा सतरा मात्रा होतात. म्हणजे सोळा मात्रांचे आवर्तन पुरे करून शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर पडतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणून दोन आवर्तनांत ती नेमकी बसते. मी ती बसवली. सम अगदी बिनचूक आली. पण मान वर करून पाहतो तो आजोबा थांबलेले. अभंगाची ओळ त्यांच्या तोंडून निसटली होती आणि ते टाळकऱ्यांकडे बघत होते. कोणी मला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाने वडिलांच्या पाळीप्रमाणे काकड्याची वेळ अर्धा तास पुढे नेली.

गणित माझे बरोबर होते. चूक एवढीच, की त्या सतरा मात्रांत मी एकदाही गाणे ऐकले नव्हते.

विद्या

चौथी कसोटी विद्येची. जे स्वतःला मिळाले ते सांभाळणे, त्यात भर घालणे आणि दुसऱ्याला देणे. तबल्याची विद्या घराण्यांतून आली : दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब. एके काळी एखादा कायदा किंवा गत बाहेरच्याला देणे म्हणजे घरातली ठेव देणे. अशा काळात मुंबईत उस्ताद अमीर हुसेनखाँ यांनी शिष्यांना मोकळ्या हाताने विद्या दिली, आणि स्वतः कितीतरी गती रचल्या. ते मुनीरखाँचे भाचे आणि शिष्य. १९६९ साली वारले. गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर त्यांच्याकडे शिकले. अरविंद मुळगावकर त्यांच्याचकडे शिकले आणि त्यांनी ‘तबला’ हा मराठी ग्रंथ लिहिला. माझ्यासारख्या खाणीच्या गावातल्या मुलाला, ज्याला उस्ताद परवडणार नाही आणि भेटणारही नाही, कायद्याचे शास्त्र मराठीत वाचायला मिळते, ते अशा माणसांमुळे. थिरकवांचे शिष्य निखिल घोष यांनी १९५६ साली मुंबईत ‘संगीत महाभारती’ ही संस्था काढली, तीही याच कसोटीवर मोठी ठरते.

गोव्याच्याच खाप्रूमामा पर्वतकरांचे नाव येथे घेतले पाहिजे. हाताने एक ताल, पायाने दुसरा आणि तोंडाने तिसरा चालवीत समेवर सर्व एकत्र आणणारे असे त्यांचे वर्णन केले जाते. लयीच्या विद्येत त्यांना तोड नव्हती असे मोठे मोठे मानीत. पण आज त्यांचे नाव तबल्याच्या याद्यांत क्वचित दिसते. ज्याची ध्वनिमुद्रिका घरोघर पोचली नाही त्याची विद्या स्मरणातूनही लवकर जाते. यादी करताना आपण बहुधा वादकांना मोजत नाही. आपल्यापर्यंत पोचलेल्या ध्वनिमुद्रणांना मोजतो.

वाट

पाचवी कसोटी, नवी वाट पाडण्याची. उस्ताद अल्लारखाँ यांचा जन्म १९१९ सालचा, जम्मूजवळच्या गावातला. आकाशवाणीवरून ते मुंबईला आले, ए. आर. कुरेशी या नावाने चित्रपटांना संगीत दिले आणि पुढे पंडित रविशंकरांबरोबर जगभर फिरले. १९६७ साली मॉन्टेरी, १९६९ साली वुडस्टॉक आणि १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेला कार्यक्रम, या सर्व ठिकाणी तबला त्यांचाच. न्यूयॉर्कच्या त्या कार्यक्रमात वाद्ये नुसती सुरात लावताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा रविशंकरांनी हसून म्हटले की जुळवणी एवढी आवडली तर वादनही आवडेल अशी आशा आहे. टाळी ही कसोटी किती बेभरवशाची, हे याहून चांगले कोण सांगणार? पण त्याच श्रोत्यांतून तबल्याचे खरे श्रोते घडले, हेही विसरता येत नाही.

त्यांचे चिरंजीव उस्ताद झाकिर हुसेन यांचा जन्म १९५१ साली मुंबईत माहीमला झाला. जॉन मॅक्लाफ्लिन या इंग्रज गिटारवादकाबरोबर, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विनायकराम यांना घेऊन ‘शक्ती’ हा वाद्यवृंद झाला, त्यात ते होते. गिटार आणि तबला तेथे समोरासमोर बसून बोलले. कोणी कोणाची साथ केली हे सांगता येऊ नये असे बोलले. १९९२ साली त्यांना पहिले ग्रॅमी मिळाले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एकाच रात्री तीन. २०२३ साली पद्मविभूषण मिळाले होते. १५ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले. त्या दिवशी आमच्या वस्तीतल्या चहाच्या टपरीवरही त्यांचेच बोलणे चालले होते. टपरीवाल्याला कायदा आणि रेला यांतला फरक माहीत नाही. पण तबला म्हणजे झाकिर हे त्याला माहीत होते. पूर्वी अनेक ध्वनिमुद्रिकांवर तबलजीचे नाव छापण्याची गरजही कोणाला वाटत नसे. तेथून येथपर्यंत वाद्याला आणणे हे सामान्य काम नव्हे.

आपल्या भागातही अशी वाट पाडणारे झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी होती. एक लाकडी कडे, त्यावर कातडे, कडेला चकत्या. गावात कोणालाही मिळेल असे वाद्य. त्यांनी तीच खंजिरी १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत नेली. खंजिरीतली तयारी मोजून त्यांचे मोठेपण सांगता येणार नाही. हजारो माणसे त्या तालावर एकत्र बसली आणि आजही गावोगाव बसतात, हे त्या वाद्यात आधी कोणी पाहिले नव्हते.

यादीबाहेरचे

पाच कसोट्या मांडल्यावर आणखी एक प्रश्न उरतो : परीक्षेला बसण्याची परवानगी कोणाला होती? तबल्याच्या थोर वादकांची कोणतीही जुनी यादी पाहा, तीत बाई नाही. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी ही चौकट मोडली. त्यांनी सोलो तबला वाजवला आणि पखवाज व तबल्याच्या घराण्यांवर संशोधनही केले. पुढे अनुराधा पाल यांनी अल्लारखाँ आणि झाकिर हुसेन यांच्याकडे विद्या घेऊन स्त्रियांचा वाद्यवृंद उभा केला. म्हणजे हात नव्हते असे नाही. हातांना तबला मिळत नव्हता.

आपल्या झाडीपट्टीतही दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा भागातून नाटक मंडळ्या निघतात, गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर प्रयोग चालतो. रंगमंचापुढे बसलेला तबलजी रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत वाजवतो. लावणी, भावगीत, दुःखाचे पद, मारामारीचा प्रसंग, सगळे त्यालाच उचलावे लागते आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी पुन्हा तेच. मी अशा एका प्रयोगाला मुद्दाम तबल्याजवळ बसलो. नाटकाच्या जाहिरातीवर नटनट्यांची चित्रे होती. तबलजीचे नाव मला त्याला विचारूनच कळले. या माणसाला कोणत्या यादीत किती क्रमांक द्यावा?

माझे मत

इतके लिहून ‘सर्वच थोर’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तसे करणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. वादात उतरलो आहे तर मत दिले पाहिजे.

वाटेच्या कसोटीवर झाकिर हुसेन यांच्या जवळपास कोणी नाही. तयारीतही नाही असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्याशी भांडणार नाही. विद्यादानात अमीर हुसेनखाँ. परंतु पाचही कसोट्या एकत्र धरून एकच नाव मागितले, तर मी उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव घेईन. कारण त्यांच्या ठिकाणी सोलोचा राजा आणि साथीचा सेवक एकाच माणसात नांदले. ज्याला एकट्याने मैफल जिंकता येते, त्याने नाटकाच्या पदामागे वर्षे काढली आणि दोन्ही ठिकाणी त्याचा नाद तोच राहिला. त्यांनी अनेक घराण्यांची विद्या एका हातात आणली, ती लखनौच्या भातखंडे विद्यालयात शिकवली आणि निखिल घोष, भाई गायतोंडे यांसारखे शिष्य मागे ठेवले.

माझ्या या मतात दोष आहेत आणि ते मीच सांगून टाकतो. मी यांतल्या कोणालाही प्रत्यक्ष ऐकलेले नाही. चंद्रपूरच्या एस.टी.त, खिडक्यांच्या खडखडाटात, मोबाइलवर ऐकलेला हा तबला आहे. शिवाय मी तबलजीचा मुलगा आहे आणि काकड्याच्या त्या पहाटेपासून साथीच्या कसोटीला मी जरा जास्त गुण देतो, हेही मला कळते. पण कसोट्या मी उघड मांडल्या आहेत. ज्याला माझे नाव पटणार नाही त्याला निदान कोठे भांडायचे ते ठाऊक असेल.

हा लेख पुरा झाल्यावर मी वडिलांना वाचून दाखवला. कारकुनाचे वाक्य आले तेव्हा माझा आवाज बसला. ते मात्र हसले. थिरकवांचे नाव त्यांनी ऐकले होते, वादन ऐकले नव्हते. मी मोबाइलवर लावून दिले. ते पेशकार संपेपर्यंत डोळे मिटून बसले आणि मांडीवर त्यांची तीन बोटे मात्रा मोजत होती. मग मी विचारले, “बाबा, तुमच्या मते सगळ्यात मोठा कोन?” ते म्हणाले, “आमाले का समजते बापू? आमी दोघा-तिघाइलेच आयकलो.” आणि थोड्या वेळाने, “तो आजोबाचा अभंग तुले पाठ हाये का? पयले तो पाठ कर. मंग बस.”

अभंग पाठ केला आहे. येत्या कार्तिकात वडिलांची पाळी कोणती येते ते पाहायचे. गिटारवाल्या मित्राने मात्र माझे म्हणणे अजून मान्य केलेले नाही. हेंड्रिक्सने साथीची वर्षेही काढली होती, असे तो म्हणतो आणि पुरावा आणून देणार आहे. त्याने तो पुढच्या अंकात लेख लिहूनच द्यावा, अशी माझी त्याला या पानांवरून विनंती आहे.